‘आमच्या’, ‘माझे’, ‘आमुचं’ : स्त्री-आत्मचरित्रांतील सर्वनामांचा इतिहास

मराठी स्त्री-आत्मचरित्रांच्या चर्चेत एक विकासरेषा बहुधा गृहीत धरलेली असते. कुटुंबात विरघळून गेलेली स्त्री शिक्षणामुळे स्वतःकडे पाहू लागली, पतीच्या आठवणी लिहिता लिहिता स्वतःचे चरित्र लिहू लागली आणि अखेरीस तिला ‘मी’ गवसला, असा या रेषेचा आशय आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु ‘मी’ म्हणजे कुटुंबाबाहेर पडलेली व्यक्ती, हे समीकरण तिने आधीच मान्य केलेले असते. या ग्रंथांच्या शीर्षकांतील सर्वनामांचा क्रमाने विचार केला, तर हे समीकरण टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय घरात स्त्रीचे नाव तिचे नव्हते. यमुना कुर्लेकर विवाहानंतर रमाबाई रानडे झाल्या. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या. गोदूबाई जोशी पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे झाल्या आणि घरीदारी ‘बाया’ म्हणून ओळखल्या गेल्या. दुसऱ्या बाजूने पतीचे नाव उच्चारण्याची पत्नीला मुभा नव्हती. उखाण्यापुरता अपवाद सोडला तर तो ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ अशा शब्दांनी सुचवला जाई. ज्या व्यवहारात पती हे दिशावाचक अव्यय होते आणि पत्नीचे नाव सासरने दिलेले असते, तेथे सर्वनाम ही केवळ व्याकरणाची बाब राहत नाही.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. शीर्षकातील ‘आमच्या’ हे पद पत्नीच्या आत्मविलोपनाचा पुरावा म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु हे ‘आम्ही’ नेमके कोणाचे, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे. १८७३ साली अकरा वर्षांच्या यमुनेचा विवाह एकतीस वर्षांच्या विधुर महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. सुधारक मंडळींची अपेक्षा रानड्यांनी विधवेशी विवाह करावा अशी होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. पुढे त्यांनी पत्नीला लिहायला-वाचायला शिकवण्यास प्रारंभ केला, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध रमाबाईंना दीर्घकाळ सोसावा लागला. ज्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर पतिपत्नींनी एकमेकांशी बोलणेही अप्रशस्त मानले जाई, त्या कुटुंबाच्या भाषेत दांपत्याचे ‘आम्ही’ अस्तित्वातच नव्हते. घराचे ‘आम्ही’ वेगळे होते. त्यात सून होती, सहचारिणी नव्हती. तेव्हा रमाबाईंचे ‘आमच्या’ हे जुन्या कुटुंबाचे सर्वनाम नव्हे. जुन्या कुटुंबाच्या विरोधात, दिव्याशेजारच्या अभ्यासातून घडलेले ते नवे सर्वनाम आहे.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. हे ‘आम्ही’ गुरू आणि शिष्या यांचे आहे. त्याचा कर्ता एकच आहे. म्हणून १९०१ साली न्यायमूर्तींचे निधन होते तेथे आठवणीही थांबतात. पुस्तक प्रसिद्ध होत असताना रमाबाई पुण्यात सेवासदनाचे काम उभारत होत्या. परंतु संस्था घडवणाऱ्या त्या स्त्रीला ‘आमच्या’ आयुष्यात जागा नव्हती. कुटुंबाने नाकारलेली ओळख दांपत्याने दिली, आणि दांपत्याने दिलेली ओळख वैधव्यानंतरच्या कर्तृत्वाला नाव देऊ शकली नाही.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या शीर्षकात सर्वनामच नाही, आणि ही अनुपस्थिती अर्थपूर्ण आहे. या लेखनाचा उगम पतीच्या चरित्रासाठी मुलाने मागितलेल्या आठवणींत आहे. हाती आले ते मात्र लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र. त्यात वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे, तसेच न सांगता घर सोडून जाणारे पती नारायण वामन टिळक आहेत. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा पत्नीपुढे दोनच ओळखी उभ्या होत्या : पतिव्रता म्हणून त्यांच्यामागे जाणारी, किंवा धर्मनिष्ठ म्हणून माहेरच्यांत राहणारी. दोन्ही ओळखी कुटुंबानेच पुरवलेल्या होत्या. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, नंतर पतीकडे गेल्या, आणि तरीही त्यांनी लगेच धर्मांतर केले नाही. जातिभेद हा मनुष्यकृत आहे या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या. १९०० सालचा बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. त्यांचे स्वत्व कुटुंब सोडल्याने सिद्ध होत नाही. ते कुटुंबात परतताना घेतलेल्या अवधीत सिद्ध होते. विनोद हे या अवधीचे वाङ्मयीन रूप आहे. पतीवर प्रेम करीत त्याच्या लहरीकडे अंतर राखून पाहण्याची सोय विनोदानेच होते. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले, यातही अनुसरण आणि कर्तृत्व यांची तीच गुंतागुंत आहे.

‘माझे’ हे सर्वनाम स्पष्टपणे येते ते दोन सख्ख्या बहिणींच्या पुस्तकांत : पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). दोघींनाही वैधव्य आले. एकीने पुनर्विवाह केला नाही. दुसरीने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला. पहिलीला कर्वे मेहुणे आणि संस्थाचालक, दुसरीला पती. ‘कहाणी’ आणि ‘पुराण’ ही दोन्ही नावे घरात ऐकल्या जाणाऱ्या धार्मिक कथनाची आहेत. व्रताच्या कहाणीत सौभाग्य आणि भरले घर हे फळ असते; त्या फळातून वगळलेली विधवा तेच नाव आपल्या जीवनाला देते. संस्थेसाठी निधी जमवायला पार्वतीबाई तुटपुंज्या इंग्रजीनिशी अमेरिकेला गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. कुटुंबात जे काम स्त्रीचा धर्म म्हणून गणले जाते, त्याची किंमत त्यांना कुटुंबाबाहेर मिळाली.

‘पुराण’ या शब्दात स्वतःची थट्टाही आहे. कंटाळवाणे लांबण लावणे, हा त्याचा बोलीतील अर्थ. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी, पुनर्विवाहामुळे कोकणातील गावाचा बहिष्कार सोसलेली ही स्त्री सुधारणेच्या इतिहासाकडे स्वयंपाकघरातून पाहते. संस्थेला वाहून घेतलेल्या पतीच्या घरी पैसा कसा पुरत नाही, हे ती लिहिते. महर्षींच्या त्यागाचा जमाखर्च कोणाच्या वहीत मांडला गेला, हे सांगण्यासाठी तिला ‘माझे’ हवे होते. हे ‘माझे’ कुटुंबापासून मुक्त नाही. कुटुंबातील श्रमावर हक्क सांगण्यासाठीच ते उच्चारलेले आहे.

येथवरचा इतिहास ब्राह्मण घरांचा आहे, आणि विकासरेषा बहुधा याच ग्रंथांवर रेखली जाते. १९८६ साली दोन दलित स्त्रियांची आत्मकथने पुस्तकरूपाने आली : शांताबाई कांबळे यांचे ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. एकाच वर्षी ‘माझ्या’ आणि ‘आमुचं’ शेजारी शेजारी उभे राहावेत, ही गोष्टच एकरेषीय इतिहासाला छेद देणारी आहे. मराठीत ‘आपण’मध्ये श्रोता सामावतो, ‘आम्ही’मधून तो वगळला जातो. बेबीताईंचे ‘आमुचं’ म्हणूनच रमाबाईंच्या ‘आमच्या’कडे परतणे नव्हे. ते महारवाड्याचे सर्वनाम आहे, आणि त्यातून वगळलेला श्रोता म्हणजे तोवरचा मराठी वाचक. सुनांचा छळ, अर्धपोटी बाळंतपणे, आंबेडकरी चळवळीने आलेली जाग यांची साक्ष त्या वस्तीच्या वतीने देतात. सवर्णांच्या दास्यात पिचलेला पुरुष घरातील स्त्रीला दास करतो, हे त्यांचे निरीक्षण कुटुंब आणि जात यांना एकाच रचनेत बसवते.

परंतु हे ‘आम्ही’ही काही झाकते. आपले लेखन आपण वर्षानुवर्षे पतीपासून लपवून ठेवले होते, आणि संशयापायी मारहाणही सोसली होती, हे बेबीताईंनी इंग्रजी अनुवादासोबत २००८ साली छापलेल्या मुलाखतीत सांगितले. वस्तीची वेदना मांडणाऱ्या पुस्तकात या दुःखाला वेगळी जागा मिळाली नव्हती. रमाबाईंच्या ‘आम्ही’त विधवेचे कर्तृत्व मावले नाही, बेबीताईंच्या ‘आम्ही’त पत्नीची जखम मावली नाही. दोन्ही अनुभवांत जात, काळ आणि दारिद्र्य यांचे अंतर आहे. ते पुसून दोघींना केवळ ‘स्त्री’ या नावाखाली एकत्र करणे हा नवा अन्याय ठरेल.

स्त्रीची ओळख कुटुंब घडवते, एवढे म्हणून समीक्षेचे काम संपत नाही. कोणते कुटुंब, कोणत्या जातीचे, आणि त्यातील कोणत्या नात्याचे सर्वनाम लेखिकेने निवडले, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. ‘मी’ अधिक आला म्हणजे आत्मभान वाढले, हा निकष पुरुषांच्या आत्मवृत्तांवरून घेतलेला आहे. या पुस्तकांतील स्त्रिया कुटुंबाने दिलेली नावे घेऊनच बोलल्या. कोणाला कशातून वगळायचे, हे मात्र बोलताना त्यांनी स्वतः ठरवले.