निःपक्षपाताच्या दोन कल्पना

मालक आणि मजूर यांच्या तंट्यांत निवाडा देणारा मनुष्य कोणत्याच बाजूचा नसावा, कीं दोन्ही बाजूंचीं माणसें एकत्र बसवून त्यांच्याकडून न्याय करून घ्यावा? अमेरिकेच्या राष्ट्रीय मजूरसंबंध मंडळाचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे.

१९३३ सालीं रूझवेल्ट यांनीं नेमलेलें पहिलें मंडळ दुसऱ्या प्रकारचें होतें. त्यांत मालकांचे व मजूरसंघांचे प्रतिनिधि बसत; अध्यक्षस्थानीं सेनेटर वॅग्नर असत. तडजोडीस ही रचना बरी होती. परंतु हट्टी मालकास निर्णय मानावयास लावण्याचें सामर्थ्य तिच्यांत नव्हतें. त्या अनुभवानें शहाणे होऊन वॅग्नर यांनीं १९३५ च्या कायद्यांत प्रतिनिधींस फांटाच दिला. सभासद तीन, मुदत पांच वर्षांची, नेमणूक राष्ट्राध्यक्षांची परंतु सेनेटच्या संमतीनें. आणि कर्तव्यांत हयगय किंवा गैरवर्तन झाल्यावांचून, तेंही रीतसर सुनावणी झाल्यावांचून, कोणासही काढतां येऊं नये, असा बंदोबस्त झाला. मंडळाचे पहिले अध्यक्ष मॅडन हे कायद्याचे प्राध्यापक होते.

तथापि मालकांस हें मंडळ मजुरांचें वकील वाटे, आणि जुन्या मजूरसंघास तें प्रतिस्पर्धी संघाचें कैवारी वाटे! १९४० सालीं मॅडन यांची मुदत संपली. रूझवेल्ट यांनीं त्यांस फिरून नेमलें नाहीं. एकासही बडतर्फ न करतां मंडळाचें तोंड फिरवितां येतें, हें तेव्हांच दिसून आलें.

१९४७ च्या कायद्यानें सभासद पांच झाले. १९५३ पासून आयसेनहॉवर यांनीं मालकपक्षाच्या वकिलांस तेथें आणलें. पुढें डेमोक्रॅटिक राजवटींत मजूरसंघांचे वकील येऊं लागले. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे तीन आणि विरुद्ध पक्षाचे दोन, ही वांटणी कायद्यांत कोठेंही नाहीं. ती केवळ रूढि. वॅग्नर यांनीं घालविलेले प्रतिनिधि असे मागल्या दारानें परत आले. याचें फळ पाहावें. खासगी विद्यापीठांत शिकत असतां शिकविण्याचें काम करणारे पदवीधर विद्यार्थी कामगार होत काय, या प्रश्नास मंडळानें २००० सालीं 'होय', २००४ सालीं 'नाहीं' आणि २०१६ सालीं पुनः 'होय' असें उत्तर दिलें. कायद्याची व्याख्या तीच होती. बदलले होते ते राष्ट्राध्यक्ष व त्यांनीं नेमलेले सभासद.

इतकें असूनही मुदतीची भिंत मात्र शाबूत होती. जानेवारी २०२५ मध्यें ट्रंप यांनीं ग्विन विल्कॉक्स या सभासद बाईंस मुदत संपण्यापूर्वींच काढलें. मंडळाच्या इतिहासांत असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. दोनच सभासद उरले, आणि निवाड्यास किमान तीन लागत असल्यामुळें मंडळाचें न्यायदानच थांबलें.