अळणी भात



यंदा दशलक्षण पर्वात मी मिठाचा त्याग केला होता. शेजारच्या वैनी माझ्या ताटातला अळणी वरणभात बघून म्हणाल्या, "तुम्ही अगदी कट्टर हो!" त्या कौतुकानेच बोलल्या. आपणही म्हणतोच की, आमच्या आजेसासूबाई कट्टर होत्या. पण मी त्या शब्दावर अडले. कारण अळणी भात हा एके काळी गुन्हा होता, आणि तो मुलूख आपल्या मालवणपासून फार लांब नाही.

१५६० साली पोर्तुगीजांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे लोकांची श्रद्धा तपासणारे न्यायालय, बसवले. १७७४ ते १७७८ ही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. बाप्तिस्मा झालेली माणसे घरात जुन्या चालीरीती पाळतात का, हे शोधणे हे त्याचे मोठे काम. १७३६ सालचा त्यांचा एक हुकूम अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या पुस्तकात दिला आहे. तो वाचताना वाटते, हा कुणी सासुरवाशिणीच्या मागे मागे फिरून लिहिला की काय! अंगणात तुळस लावू नये. लग्नात विडा-सुपारी वाटू नये. एकादशी धरू नये. बायकांनी चोळी घालू नये. आणि भात मिठाशिवाय शिजवू नये, कारण हिंदू तसा शिजवतात.

भातात मीठ आहे की नाही, हे त्या न्यायाधीशांना कसे कळणार? कुणीतरी जाऊन सांगायचे. शेजारी, घरातली मोलकरीण, कधी नातलगसुद्धा. माहिती असून न सांगणे हाही दोष धरला जाई, आणि सांगणाऱ्याचे नाव आरोपीला कळू देत नसत. तिकडे स्पेन-पोर्तुगालमध्ये ख्रिस्ती झालेल्या यहुदी घराण्यांवर अशीच नजर असे. एखादी बाई डुकराचे मांस टाळते, एवढ्यावरून संशय येई. मांस नको म्हणणे हाच पुरावा! आपल्यासारखीचे तिथे काय झाले असते?

बार्देशच्या उत्तरेला शापोरा नदी ओलांडली की पेडणे, त्या काळी सावंतवाडीकर भोसल्यांचे. लोक गोवा सोडून निघाले, त्यांत ख्रिस्तीही होते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणकडच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ गाव गोव्यातच. सगळे याच एका भीतीने आले असे नव्हे. करांचा बोजा होता, लढायाही होत्या.

ते न्यायाधीश श्रद्धाहीन नव्हते. आपण आत्मे वाचवतो आहोत, अशी त्यांची खात्री होती. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत मिथ्यात्वाचे पाच प्रकार सांगितले, त्यांत एकांत आहे. वस्तू एवढीच आणि अशीच, हा हट्ट. लहानपणी पाठशाळेत हे पाठ करताना मला तो फक्त वादविवाद करणाऱ्या पंडितांचा दोष वाटायचा. माझा अळणी भात माझ्या ताटापुरता आहे तोवर ते व्रत. आजेसासूबाईंनी कंदमुळाला कधी हात लावला नाही, पण दुसरीच्या पातेल्याचे झाकण उचलून पाहिलेही नाही.

मी मात्र पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी वरची खोली एका शिक्षिकेला भाड्याने दिली होती. मासे आणायचे नाहीत, ही अट आधीच सांगितली होती; ती गैर होती असे मला आजही वाटत नाही. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. भांडी घासायला येणाऱ्या बाईला मी तिच्या कचऱ्याच्या पिशवीत काटे दिसतात का ते बघायला सांगितले. दोन महिने ती मला येऊन सांगत होती. काटे कधीच सापडले नाहीत. वर्ष पुरे व्हायच्या आत ती शिक्षिका खोली सोडून गेली.

या क्षमावाणीला तिचा नंबर शोधून फोन केला आणि सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून मी पिशवी उघडीच ठेवायचे."