क्षयरोगाचे औषध आणि खुली विदा

क्षयरोगाच्या जंतूच्या संपूर्ण जनुकसंचाची क्रमवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ४००० जनुके होती. पुढील दहा वर्षांत त्या माहितीतून एकही औषध रुग्णापर्यंत पोहोचले नाही. आजार मुख्यतः गरिबांचा असल्याने औषधकंपन्यांना त्यात फारसा नफा दिसत नव्हता.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गापासून फार दूर नसलेल्या रफी मार्गावर सीएसआयआरचे मुख्यालय आहे. तत्कालीन महासंचालक समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने या संस्थेने सप्टेंबर २००८ मध्ये ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा प्रकल्प सुरू केला. लिनक्सच्या धर्तीवर त्याचे नियम ठरले: विदा सर्वांना खुली, श्रेय ज्याचे त्याला आणि केलेली सुधारणा पुन्हा समूहाकडे.

२०१० च्या ‘कनेक्ट टू डिकोड’ उपक्रमात शेकडो विद्यार्थी व संशोधकांनी विखुरलेले शोधनिबंध वाचून जनुकांची कार्ये नोंदवली. २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’ या मुक्त नियतकालिकात फलित प्रसिद्ध झाले: १४३४ प्रथिने, त्यांच्यातील २५७५ संबंध आणि औषधासाठी १७ संभाव्य लक्ष्ये. त्यांपैकी ५ लक्ष्यांना प्रयोगांचा आधार आधीच मिळालेला होता.

तरीही या प्रकल्पातून नवे औषध बाजारात आले नाही. सॉफ्टवेअरची प्रत जवळजवळ फुकट निघते. रेणू मात्र प्रयोगशाळेत घडवावा लागतो, त्याची विषारकता तपासावी लागते आणि त्यानंतर मानवी चाचण्या येतात. तेथे स्वयंसेवकांचे श्रम पुरत नाहीत. तो शोधनिबंध आजही कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्याला विनामूल्य वाचता येतो, हे यश लहान नाही. परंतु विदा खुली करतानाच चाचण्यांच्या खर्चाचीही तरतूद करावी लागते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.