खिमा, शेवई आणि एक हंडी

राजांच्या वंशावळी आपण पाठ करतो, लढायांच्या तारखा परीक्षेत लिहितो. पण त्या लढायांहून परतलेल्या माणसांनी रात्री काय खाल्ले आणि ते कोणी शिजवले, याची नोंद इतिहासात क्वचितच सापडते. हंडीला शिलालेख नसतो. म्हणून स्वयंपाकघराचा इतिहास शोधायचा तर शब्द, व्यापाराच्या नोंदी, जुने पाकग्रंथ आणि अलीकडच्या काळात कंपन्यांची पुडकी यांच्या मागावर जावे लागते. आम्ही इथे अशाच एका साध्या पदार्थाच्या मागावर निघालो आहोत.

हा पदार्थ अमेरिकेतल्या सामान्य घरांत रात्रीच्या जेवणाला होतो. बीफचा खिमा एका भांड्यात परतायचा, त्यातच कच्ची मॅकरोनी, पाणी आणि दूध घालायचे, झाकण ठेवून शिजवायचे आणि उतरवण्यापूर्वी चीज मिसळायचे. मॅकरोनी वेगळी उकडायची नाही, पाणी निथळायचे नाही. अर्ध्या तासात चार-पाच माणसांचे दाटसर, मलईदार जेवण तयार होते. आपल्याकडची तरुण मुलेही आता हा पदार्थ हौसेने करू लागली आहेत आणि वडीलधारी मंडळी त्याला ‘विलायती थेर’ म्हणून नाक मुरडतात. तो खरोखर किती विलायती आहे, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेत हा पदार्थ घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय सहसा एका पुडक्याला दिले जाते. जनरल मिल्स या कंपनीने १९७१ मध्ये ‘हॅम्बर्गर हेल्पर’ देशभर विक्रीला आणले. पुडक्यात सुकी मॅकरोनी किंवा शेवया आणि मसाल्याची पूड असे. गृहिणीने एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम खिमा आणायचा आणि एकाच तव्यात सगळे शिजवायचे. हॅम्बर्गर या नावाने आपल्यापैकी काही जण दचकतात. पण त्या शब्दाचा डुकराच्या मांसाशी संबंध नाही. तो जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आला आहे आणि अमेरिकन बोलीत त्याचा अर्थ बीफचा खिमा असाही होतो.

पुडके चालले, कारण काळ महागाईचा होता. मांसाचे भाव इतके चढले की २९ मार्च १९७३ रोजी अध्यक्ष निक्सन यांना बीफ, डुकराचे मांस आणि मटण यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घालावी लागली. तेवढ्याने समाधान न झालेल्या गृहिणींनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देशभर मांसावर बहिष्कार टाकला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या बायका खाटकाच्या दुकानापुढे फलक घेऊन उभ्या राहिल्या. एक पौंड खिम्यात पाच माणसे जेवू घालणारे पुडके अशा वेळी लोकांना हवेसे वाटले, यात नवल नाही.

त्या पुडक्यावर नाव होते बेटी क्रॉकर. ही बाई कधी जन्माला आलीच नव्हती. १९२१ मध्ये मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या कंपनीने ग्राहक स्त्रियांच्या पत्रांना उत्तरे देताना सही करण्यासाठी हे नाव तयार केले. पुढे तिला आवाज मिळाला, चेहरा मिळाला, तिच्या नावाचे पाकग्रंथ लाखोंनी खपले. ज्या बायका खरोखर चुलीपाशी उभ्या होत्या, त्यांची नावे मात्र कुठेच नाहीत. या पदार्थाचा माग काढताना ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा आढळली.

पुडके येण्यापूर्वीही पदार्थ होताच. खिमा, मॅकरोनी आणि टोमॅटो एकत्र शिजवून त्याला कोणी ‘गूलाश’ म्हणत, कोणी ‘अमेरिकन चॉप सुई’. गूलाश हे नाव हंगेरीचे आणि चॉप सुई चिनी स्थलांतरितांचे. पण हंगेरीच्या किंवा चीनच्या माणसाला हा पदार्थ ओळखू येणार नाही. चर्चच्या सामुदायिक जेवणांत आणि शाळांच्या भोजनगृहांत तो शिजत असे. महामंदीच्या काळात, १९३७ मध्ये, क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीज-पुडीचे खोके बाजारात आणले. एकोणीस सेंटमध्ये चौघांचे जेवण अशी त्याची जाहिरात होती. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून मांसावर रेशन आले, तेव्हा थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरवण्याची कला प्रत्येक घराला शिकावी लागली.

याच पदार्थाचा मलईदार प्रकार ‘स्ट्रोगनॉफ’ म्हणून ओळखला जातो. मुळात हा रशियन पदार्थ. येलेना मोलोखोवेत्स या बाईंच्या पाकग्रंथाच्या १८७१ च्या आवृत्तीत मोहरी आणि आंबट साय घातलेल्या बीफची ही कृती आहे. नाव मिळाले ते स्ट्रोगनॉफ या उमराव घराण्याचे. ज्याने पहिल्यांदा मांसात साय घातली, तो आचारी कोण हे ठाऊक नाही.

मॅकरोनीचेही तसेच. ती अमेरिकेत थॉमस जेफरसन यांनी आणली, अशी तिथली आवडती दंतकथा आहे. जेफरसन यांनी मॅकरोनीच्या यंत्राचे चित्र काढले होते, हे खरे. पण पदरखड्याने स्वयंपाक शिकला तो जेम्स हेमिंग्ज हा त्यांचा गुलाम. १७८४ मध्ये त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकवण्यात आली. आपल्या जागी दुसरा आचारी तयार केल्याशिवाय मुक्तता नाही, अशी अट त्याला घातली गेली. त्याने आपल्या भावाला शिकवले आणि १७९६ मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याच वर्षी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी आजही उपलब्ध आहे. एका आचाऱ्याचे अक्षर टिकून राहिले, ते असे भांड्यांच्या हिशेबात.

अमेरिकेच्याही मागे जायचे तर भूमध्य समुद्राकडे वळावे लागते. मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला, ही गोष्ट आपणही शाळेत ऐकली आहे. ती रुजवण्यात अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या मासिकाने १९२९ मध्ये छापलेल्या एका कथेचा मोठा हात होता. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याआधी सोळा वर्षे, १२७९ मध्ये, जिनोआच्या एका माणसाच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पिंपाची नोंद झाली होती. आणि त्याच्याही सव्वाशे वर्षे आधी अल्-इद्रीसी या मुस्लिम भूगोलवेत्त्याने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी लिहिलेला ग्रंथ ११५४ मध्ये पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावी ‘इत्रिया’ मोठ्या प्रमाणात तयार होते आणि जहाजे भरभरून कॅलाब्रियाला, मुसलमानांच्या तसेच ख्रिश्चनांच्या मुलखांत जाते, असे तो सांगतो. ही इत्रिया म्हणजे सुकवलेली शेवई. ख्रिश्चन राजा, मुस्लिम लेखक आणि दोन्ही धर्मांच्या बंदरांत उतरणारा एकच माल, असा तो काळ होता.

शब्द अजून जिवंत आहे. पोर्तुगालमध्ये नाताळला दूध, साखर आणि दालचिनी घालून शेवयांचे गोड करतात, त्याला ‘आलेत्रिया’ म्हणतात; म्हणजे अरबी ‘अल्-इत्रिया’च. आपल्या ईदच्या शिरखुर्म्याची ही दूरची मावसबहीणच म्हणायची.

मांस आणि शेवई एका हंडीत कुठे भेटली, याचाही पुरावा सापडतो. मुहम्मद बिन हसन अल्-बगदादी याने १२२६ मध्ये संकलित केलेल्या ‘किताब अल्-तबीख’मध्ये ‘रिश्ता’ नावाचा पदार्थ आहे. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. चरबीदार मांसाचे तुकडे पाण्यात दालचिनी, हरभरे आणि मसूर घालून शिजवायचे आणि मग त्याच भांड्यात पिठाच्या पातळ पोळीच्या कापलेल्या चार बोटे लांबीच्या शेवया सोडायच्या. इथेही पाणी निथळून टाकायचे नाही. त्याआधी, अकराव्या शतकात, महमूद अल्-काशगरीने आपल्या तुर्की शब्दकोशात ‘तुतमाज’ या पिठाच्या पदार्थाची नोंद केली आणि तो झुलकरनैनच्या भुकेल्या फौजेसाठी जन्मला, अशी कथाही दिली. पुढच्या अरबी पाकग्रंथांत हा तुतमाज मांस, लसूण आणि दह्याबरोबर येतो. म्हणजे मांस, पीठ आणि दुधाचा अंश असलेला दाट पदार्थ अमेरिकेच्या शोधाआधीच लोकांच्या पानात होता. आपला ‘खिमा’ही याच वाटेने आला. तुर्की ‘क्यमा’ म्हणजे बारीक चिरलेले मांस. तो शब्द फारसी-उर्दूतून आपल्या मराठीत येऊन पक्का स्थायिक झाला.

इथे थोडे थांबायला हवे. एवढे वाचून ‘पाहा, पास्ता तर आमचाच’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आम्ही टाळू इच्छितो. ‘इत्रिया’ हा शब्द अरबांनी घडवलेला नाही. ज्यूंच्या तालमूदमध्ये तो आधीच आहे आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेत सांगितले जाते. चीनमधल्या लाजिया इथे एका उपड्या वाडग्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. पिठाचा धागा करून तो शिजवण्याची बुद्धी अनेकांना झाली. कुठला पदार्थ कोणाचा, यावरून आज माणसे भांडतात. स्वयंपाकघराच्या इतिहासात असा सातबारा निघत नाही. मालकीचा दावा करण्यापेक्षा देवघेवीची आठवण ठेवणे आपल्याला अधिक शोभेल.

आता प्रत्यक्ष हंडीकडे येऊ. पुडक्यातली पूड म्हणजे मुख्यतः पीठ, मीठ, सुका कांदा-लसूण, दुधाची किंवा चीजची भुकटी. यातले सगळे आपल्या घरी ताजे असते. अर्धा किलो खिमा, दोन कांदे, आले-लसूण, दोन टोमॅटो, चमचाभर मिरची पूड, पाव किलो मॅकरोनी, तीन कप पाणी, एक कप दूध आणि शंभर ग्रॅम चीज पुरते. कांदा, आले-लसूण आणि मसाल्यावर खिमा कोरडा होईपर्यंत परतावा; तो जून असेल तर थोड्या पाण्यात आधी वीसेक मिनिटे शिजवून घ्यावा. मग टोमॅटो, पाणी, मीठ आणि मॅकरोनी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे झाकून ठेवावे, मधूनमधून तळापासून ढवळावे. दूध शेवटी, आच कमी करून घालावे. टोमॅटोच्या आंबटपणात ते आधी घातले तर फाटते. चीज उतरवल्यावर मिसळावे.

मलईदारपणा येतो तो केवळ दूध-चीजमुळे नव्हे. मॅकरोनी शिजताना तिचा स्टार्च पाण्यात उतरतो, फुगतो आणि पाणी दाट करतो; तोच खिम्याची चरबी आणि चीज यांना वेगळे होऊ देत नाही. पाणी निथळले की हा स्टार्च मोरीत जातो. बगदादच्या आचाऱ्याला स्टार्च हा शब्द ठाऊक नव्हता, पण पाणी फेकायचे नाही हे ठाऊक होते.

आपल्याकडे हा पदार्थ करताना खिमा कशाचा, हा प्रश्न येतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. मार्च २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेड्याचे मांस त्या बंदीत नाही. म्हणून आज इथे ‘बड्याचा खिमा’ म्हणजे कायद्याने तोच. परवडेल त्याने बकऱ्याचा घ्यावा, नाही तर कोंबडीचा. चीज घेताना हिरवा ठिपका पाहून घेतला की त्यात प्राण्याच्या जठरातले रेनेट नाही, याची खात्री होते. गरिबाच्या पानातले मांस महाग झाले की हंडीत पिठाचा वाटा वाढतो. १९७३ च्या अमेरिकेत ते भावांमुळे घडले, आपल्याकडे भाव आणि कायदा या दोन्हींमुळे. पण पाच माणसांना अर्ध्या किलोत जेवू घालण्याचे गणित जिला सोडवावे लागते, ती बाई दोन्हीकडे एकच.

त्या बाईचे नाव लिहून ठेवायला हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे. उन्हाळ्यात अंगणातल्या खाटेवर शेवया वाळत घालणाऱ्या, मोहल्ल्यातल्या लग्नात मणभर खिम्याचे मीठ अंदाजाने अचूक घालणाऱ्या आपल्या आज्या, खाला आणि फुफ्या यांच्या हातचे पदार्थ आपण खाल्ले, त्यांची वाखाणणीही केली; कृती मात्र कोणी लिहून घेतली नाही. एक दोनशे पानी वही पुरे. कृती कोणाची, ती कोणत्या गावाहून आली, तिने कोणाकडून घेतली, आणि मांस महाग झाले तेव्हा तिने त्यात काय बदलले, एवढे चार मुद्दे लिहिले तरी पुढच्या अभ्यासकाला पुडक्यांवरची नावे वाचत बसावे लागणार नाही. ज्यांच्या घरी अशा बायका अजून आहेत, त्यांनी हे काम पुढच्या ईदची वाट न पाहता सुरू करावे.