जन्माने नागरिक : एका स्वयंपाक्याची गोष्ट



२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारचा मराठीचा वर्ग सुटला, मुले पांगली, पण सहावीतला एक मुलगा आमच्यापाशी घुटमळत राहिला. त्याचे वडील वर्क व्हिसावर, आईला दिवस गेलेले. "काका, मी अमेरिकन आणि आमचं बाळ अमेरिकन नाही, असं होऊ शकतं का हो?" मोठ्यांचे बोलणे त्याच्या कानावर पडले असावे. २० जानेवारीला राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला होता. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे यापुढे जन्मणाऱ्या मुलाला जन्मतः नागरिक मानायचे नाही, असा तो आदेश. तीनच दिवसांत एका न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली आणि पुढची लढाई कोर्टात सुरू झाली.

आम्ही त्या मुलाला काहीबाही सांगून वेळ मारून नेली. आमचा दिवस प्रयोगशाळेत जातो, इतिहास हा काही आमचा विषय नव्हे. पण रुखरुख लागून राहिली. मग लायब्ररीतून पुस्तके आणली आणि या वयात पुन्हा विद्यार्थी झालो. जे वाचले ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

१८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की आफ्रिकन वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. पुढे यादवी युद्ध झाले, लाखो माणसे मेली, १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. ड्रेड स्कॉटचा निकाल कायमचा पुसून टाकण्यासाठी १८६८ मध्ये घटनेत चौदावी दुरुस्ती झाली. जो या देशात जन्मला आणि या देशाच्या कायद्याच्या अमलाखाली आहे, तो नागरिक. त्यात वर्णाचा उल्लेख नाही, आईबापांच्या कागदपत्रांचाही नाही.

ही घडामोड आपल्या पुण्यापर्यंत पोचली होती. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली, ती काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. पुस्तक आपण सर्वांनी ऐकलेले असते, अर्पणपत्रिकेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

त्याच १८७३ साली, कोर्टाच्या कागदांप्रमाणे, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये वाँग किम आर्कचा जन्म झाला. आईबाप चिनी, दुकानदारी करणारे. त्यांना नागरिक होण्याची सोय नव्हती, कारण १८७० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळत असे. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी झाली. वाँग मोठा होऊन स्वयंपाकी झाला. १८९४ मध्ये तो चीनला गेला. १८९५ च्या ऑगस्टमध्ये जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागले, तेव्हा कस्टमच्या अधिकाऱ्याने त्याला उतरू दिले नाही. तू चिनी आहेस, नागरिक नाहीस! जन्मगावाच्या बंदरात, किनारा डोळ्यांसमोर असताना, त्याला काही महिने जहाजांवर काढावे लागले.

स्वयंपाक्याच्या पगारात सुप्रीम कोर्टाचा वकील कुठून परवडणार? त्याच्या मदतीला धावली ती तिथल्या चिनी लोकांची संस्था. 'सहा कंपन्या' या नावाने ती ओळखली जाई. म्हणायचे तर आपल्यासारखेच मंडळ! सरकारचे म्हणणे होते, की आईबाप चीनच्या बादशहाचे प्रजाजन, म्हणून मुलगाही तसाच. २८ मार्च १८९८ रोजी कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी वाँगच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ग्रे यांनी लिहिले, की सरकारचे मान्य करायचे तर इंग्लिश, आयरिश, जर्मन आईबापांच्या मुलांचेही नागरिकत्व जाईल, आणि त्यांना तर आजवर नागरिकच मानत आलो आहोत. परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्यांची मुले यांसारखे मोजकेच अपवाद कोर्टाने ठेवले. निकाल लागूनही वाँगचा पिच्छा सुटला नाही. १९०१ मध्ये टेक्ससच्या एल पासो गावी त्याला पुन्हा पकडले आणि पुन्हा सिद्ध करायला लावले.

आता आपल्या माणसाकडे वळू. भगतसिंग थिंड १९१३ साली पंजाबातून आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्वासाठी त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा : हे उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोरेच. इतकेच नव्हे, तर गोरा अमेरिकन लग्नसंबंधात काळ्याला जसा दूर ठेवतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींना दूर ठेवतो, असेही कोर्टापुढे मांडले गेले! १९ फेब्रुवारी १९२३ रोजी कोर्टाने सांगितले, की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. पूर्वी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्वही मग काढून घेतले गेले. थिंड यांना ते अखेर १९३६ मध्ये मिळाले, माजी सैनिक म्हणून.

हे वाचताना आम्ही ओशाळलो. एकाने इतरांपेक्षा आपण वरचे म्हणून आत येऊ पाहिले, आणि दार बंद झाले. दुसरा आत राहिला तो गुलामांसाठी झालेल्या कायद्याच्या आधाराने. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा १९४६ मध्ये मिळाली, तीही वर्षाला अवघ्या शंभर जणांच्या कोट्यासह. देशागणिक भेदभाव करणारा कोटा मोडणारा कायदा आला १९६५ मध्ये, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी मतदानाच्या हक्कासाठी सेल्माच्या पुलावर मार खात होते त्याच वर्षी. हा योगायोग नव्हे. त्या चळवळीने देशाचे मन हलवले, म्हणून आपल्याला व्हिसा मिळू लागले. आपण मात्र पोटलकच्या जेवणात सहज बोलून जातो, की आपण हुशारीवर आलो, 'ते' लोक तिथेच राहिले. मुले ऐकत असतात.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की जन्मभूमीवरून नागरिकत्व देणारे देश कमी होत आहेत. ब्रिटनने १९८३ पासून हा सरसकट हक्क बंद केला, आयर्लंडने २००४ च्या सार्वमताने. भारतातही १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असणे लागते, आणि २००४ मध्ये नियम आणखी कडक झाला. तेव्हा याविषयी दुमत असू शकते, आपल्या मंडळातही आहे. पण मत बनवण्याआधी हा हक्क कोणी कमावला, हे ठाऊक असावे.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला वाँगची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "मग तो स्वयंपाकी घरी गेला ना?" गेला, असे सांगितले. हीच गोष्ट आपण आपापल्या घरी जेवताना मुलांना सांगावी, एवढीच विनंती.