भरून घेतलेली कॅसेट

मित्राने गाणी भरून दिलेल्या कॅसेटचा विषय निघाला की माणसं लगेच हळवी होतात, आणि त्या हळवेपणात तिने केलेलं काम झाकून जातं. फिलिप्सने 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली. आपल्याकडे ती रुळली सत्तरच्या दशकात, बरीचशी आखातातून सुटीवर येणाऱ्यांच्या टू-इन-वनमुळे, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रामुळे. तोवर गाण्यांचा क्रम ऐकणाऱ्याच्या हाती नव्हता. तबकड्यांचा बाजार बहुतांशी एचएमव्हीचा, आणि तबकडी निघे ती सहसा चित्रपटाच्या नावाने. रेडिओवर फर्माईश करता येई. पण झुमरीतलय्यासारख्या गावाहून पत्रांचा कितीही पाऊस पडो, गाणं लागे ते आकाशवाणीच्या सवडीने, आणि वाजलं की हवेत विरलं. कोऱ्या कॅसेटने ऐकणाऱ्याला संकलक केलं.

हे संकलन कसाला लागे ते जागेच्या टंचाईमुळे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे आठ-नऊ गाणी. नववं घ्यायचं तर ते मध्येच तुटणार नाही ना, याचा हिशेब आधी. सुरुवातीची कोरी पट्टी पेन्सिलीने फिरवून पुढे घ्यायची, प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबायची, मनासारखं झालं की मागचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकायचा, म्हणजे धाकट्या भावंडांकडून पुसलं जायला नको. शेवटच्या मोकळ्या दोन मिनिटांत मदनमोहनच्या गझलेला खेटून एखादं भावगीत बसे. कंपन्याही निवडक गाण्यांचे संग्रह काढत. पण अशी सोयरीक त्यांच्या यादीत जुळणं कठीण होतं.

ही सरळसरळ चोरी, असं कंपन्यांचं म्हणणं. ब्रिटनमधल्या रेकॉर्ड उद्योगाने 1981 मध्ये घरगुती रेकॉर्डिंगविरुद्ध मोहीमच उघडली. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा 1984 मध्ये कडक झाला. आक्षेप पोकळ नाही: गीतकार-संगीतकारांच्या हाती यातून दमडी पडली नाही. पण यादी घेऊन पैशाने कॅसेट भरून देणारा दुकानदार आणि मित्रासाठी रविवार खर्ची घालणारा यांना एकाच पिंजऱ्यात उभं करता येत नाही. शिवाय एचएमव्हीची सद्दी मोडली ती स्वस्त कॅसेटच्या बाजाराने. टी-सीरिजने जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि पानाच्या गादीवरसुद्धा कॅसेटी विकायला ठेवल्या. मित्राच्या कॅसेटने उलट गिऱ्हाईक घडवलं, असं मला वाटतं, कारण न ऐकलेल्या गायकाची कॅसेट विकत कोण घेतो?

'नुसती नक्कल, त्यात कर्तृत्व काय?' हा आक्षेप अधिक बोचरा. त्याला उत्तर चुकांत सापडतं. बटण दाबायला उशीर झाला की गाण्याचे पहिले दोन शब्द जात. त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरली जाई, खरखर वाढत जाई आणि तो तुटका आरंभही पुढे जाई. कधीतरी रेडिओवर तेच गाणं अखंड लागलं, तर ऐकणाऱ्याला ते दोन शब्द उपरे वाटत.