केटलबेल : तराजूतून व्यायामशाळेत

जिममध्ये कडी असलेला लोखंडी गोळा तुम्ही पाहिला असेल. तोच केटलबेल. बऱ्याच गोळ्यांवर 16, 24, 32 असे आकडे असतात. "डॉक्टर, 16 किलोपासूनच सुरुवात करायची असते का?" असे रुग्ण विचारतात. याचे उत्तर इतिहासात आहे.

केटलबेलला रशियन भाषेत 'गिर्या' म्हणतात, म्हणजे तराजूतले वजन. आपल्याकडे जसा मण, तसे रशियात 'पूड' हे माप होते. एक पूड म्हणजे सुमारे 16.38 किलो. धान्य तोलायची ही वजने उचलून लोक ताकद आजमावू लागले. 16, 24 आणि 32 हे आकडे म्हणजे एक, दीड आणि दोन पूड. थोडक्यात, हे माप बाजाराचे आहे, तुमच्या स्नायूंचे नाही.

या वजनांना शिस्तशीर व्यायामात आणण्यात एका डॉक्टरांचा मोठा वाटा होता. सेंट पीटर्सबर्गचे डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी 1885 मध्ये तेथे व्यायामप्रेमींचे मंडळ सुरू केले. पुढे प्रसिद्ध झालेला कुस्तीगीर जॉर्ज हॅकेनश्मिट त्यांच्याच तालमीत घडला.

आज हाच गोळा तिरक्या बाकावर छातीच्या वरच्या भागासाठी वापरतात. छातीच्या मोठ्या स्नायूचे वरचे तंतू कॉलरबोनपासून निघून दंडाच्या हाडाला जोडलेले असतात. बाकाची पाठ 30 ते 45 अंशांवर ठेवली की त्यांच्यावर जास्त भार येतो. त्याहून उभी केली, तर काम खांद्याकडे जाते.

पाठ बाकाला टेकवा. गोळा हाताच्या मागच्या बाजूला टेकू द्या आणि मनगट सरळ ठेवा. श्वास सोडत वजन वर न्या, श्वास घेत सावकाश खाली आणा. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम वाढतो. नवख्यांनी 4 किंवा 6 किलोपासून सुरुवात करावी. त्यात कमीपणा नाही.

रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम करताना छातीवर दडपण आले, घाम फुटला, वेदना हातात किंवा जबड्यात गेली, तर "स्नायू दुखावला असेल" म्हणून घरी झोपू नका. लगेच रुग्णालय गाठा.